पवार, पाटील, फडतरे आणि चेहऱ्याच्या नसेची सोनोग्राफी

सोमवार, १६ डिसेंबर २०२४. सकाळी पावणेसहाला चूळ भरली आणि पाण्याची चिळकांडी बेसिनऐवजी माझ्याच डाव्या खांद्यावर उडाली. थंडीनं ओठ बधिरले असतील म्हणून सोडून दिलं. मग चहाचा पहिला घोट डाव्या कोपऱ्यातून गळून पदरावर आला. समोर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "आगं, तोंडावरनं वारं गेलंय की तुझ्या!"

आरशात पाहिलं. उजवी बाजू नेहमीची, डावीवरून कुणीतरी इस्त्री फिरवल्यासारखी. कपाळावरच्या आठ्या मधोमध येऊन थांबलेल्या. डोळे मिटले तर उजवा मिटायचा. डाव्याची पापणी अर्ध्यात अडकायची, बुबुळ वर सरकायचं आणि खाली पांढरं तसंच उघडं राहायचं. त्याआधीचे दोन दिवस डाव्या कानामागे ठणका होता. दाढ असेल म्हणून लवंग धरून बसले होते. आता कळतं की ती पूर्वसूचना होती.

मी तासगावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते, वय ४७. हे सगळं लिहायचं कारण एवढंच, की पुढच्या सहा महिन्यांत मला ज्याची माहिती मराठीत कुठं मिळाली नाही ती एका जागी असावी. त्यातही चेहऱ्याच्या नसेची सोनोग्राफी. ती होते हेच आमच्याकडं कुणाला ठाऊक नव्हतं.

साडेनऊला गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी हात वर करायला लावले, पाय उचलायला लावले, चालवून पाहिलं, दोन-तीन वाक्यं बोलून घेतली. मग म्हणाले, "भुवया वर करा." उजवी गेली, डावी जागची हलली नाही. "बरं झालं," ते म्हणाले. मला इतका राग आला! पण त्यांचं म्हणणं असं होतं: कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो. त्यामुळे मेंदूत एका बाजूला झटका आला तर खालचा चेहरा लुळा पडतो, पण कपाळ बहुधा हलतं. माझं कपाळही गेलं होतं आणि हातपाय ठणठणीत होते, म्हणजे बिघाड मेंदूतून बाहेर पडलेल्या चेहऱ्याच्या नसेत. "तरी उद्याच्या उद्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. ७२ तासांच्या आत औषध सुरू व्हायला हवं." चिठ्ठी लिहून दिली. (हातापायात अशक्तपणा असेल, बोलणं समजत नसेल, तोल जात असेल, तर मात्र असल्या परीक्षा घरी घेत बसू नका, थेट दवाखाना गाठा.)

उद्यापर्यंत थांबवेना म्हणून दुपारी नात्यातल्या एकांच्या आग्रहानं शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात गेलो. नाव लिहीत नाही. तिथं भुवया वर करा असं कुणी म्हटलं नाही. कॅज्युअल्टीतल्या पोरसवदा डॉक्टरनं मेंदूचा एमआरआय आणि दोन दिवस दाखल व्हायला लिहून दिलं. बिलिंगच्या खिडकीवर अंदाजपत्रक मिळालं, ३८,००० रुपये. "ॲडमिट झालात तरच मेडिक्लेम बसेल, मॅडम," हेही तिथंच कळलं. चार तास बाकावर घालवल्यावर 'स्वतःच्या जबाबदारीवर जात आहोत' अशा कागदावर सही करून आम्ही घरी आलो. ७२ मधले चार तास वाया गेले, शिवाय केसपेपरचे ५०० रुपये.

मंगळवारी मिरज. माझे वडील म्हणायचे, मिरजेला माणूस दोनच कामांसाठी जातो, तंबोऱ्याला नाहीतर ऑपरेशनला. मेंदूविकारतज्ज्ञांकडं माझा नंबर ३४ वा. तीन तास बसले, तपासणी फी ७०० रुपये. त्यांनी भुवया, डोळे, गाल, ओठ, मान असं वरून खाली सगळं हलवून पाहिलं. बॅटरी लावून कानात नागिणीचे फोड आहेत का ते बघितलं, कारण तसे फोड असतील तर आजार वेगळा आणि जास्त चिवट. कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यात गाठ लागते का ते चाचपलं. जिभेला चव कशी लागते, आवाज मोठा वाटतो का, असंही विचारलं. तेव्हा लक्षात आलं, कुकरची शिट्टी कालपासून डाव्याच कानात टोचत होती.

निदान बेल्स पाल्सी. चार्ल्स बेल हा एडिंबराचा शल्यचिकित्सक, त्यानं १८२१ मध्ये चेहऱ्याच्या या नसेबद्दल लिहिलं, म्हणून त्याचं नाव. नस कवटीतल्या एका चिंचोळ्या हाडाच्या नळीतून येते, तिथं सुजते आणि स्वतःच्याच सुजेनं आवळली जाते. का सुजते हे नेहमी सांगता येत नाही, विषाणूचा संशय जास्त. सासूबाईंनी मात्र खिडकीकडून झोपले म्हणूनच झालं असा निकाल केव्हाच दिला होता.

प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम रोज, दहा दिवस. सोबत विषाणूविरोधी गोळ्या, पित्ताची गोळी. औषधं ६४० रुपयांची. स्टेरॉइड म्हटल्यावर मी कचरले. नंतर वाचलं की स्कॉटलंडमध्ये याच औषधाची मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांनी पूर्ण बरे झालेले औषधवाल्यांत ८३ टक्के, औषध न घेतलेल्यांत सुमारे ६४. ७२ तासांची घाई असते ती त्यासाठी. माझी साखर आधीच काठावर होती, पाचव्या दिवशी जेवणानंतरची २३८ आली आणि दोन आठवडे साखरेची गोळीही घ्यावी लागली. तुमच्या घरात मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. मी विचारल्यावर सांगितलं.

डोळ्याचं मात्र कुणी नीट सांगत नाही. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ उघड्यावर, कोरडं पडून जखम व्हायची भीती. दिवसा दर दोन तासांनी अश्रूंचे थेंब, रात्री मलम. मलम घातल्यावर बोटानं पापणी खाली ओढून पूर्ण मिटवायची, मग मायक्रोपोर पट्टी आडवी लावायची. पहिल्या रात्री मी घाईत नुसता कापूस ठेवून वर पट्टी मारली. झोपेत पापणी उघडली आणि कापसाचा तंतू बुबुळावर घासत राहिला, सकाळी डोळा जास्वंदीसारखा लाल. तर कापूस नको. पट्टीचे तुकडे संध्याकाळीच कापून आरशाच्या कडेला चिकटवून ठेवा, कारण एकदा मलम घातलं की काही दिसत नाही. गाडीवर जाताना पूर्ण काचेचं हेल्मेट घाला.

आता बोलण्याचं. ओष्ठ्य वर्ण म्हणजे प, फ, ब, भ, म, हे मी वीस वर्षं पोरांना फळ्यावर लिहून देते. ओठ ओठाला टेकल्याशिवाय ते उमटत नाहीत, हे नियम म्हणून सांगणं वेगळं. आता माझा डावा ओठ उजव्याच्या मदतीला येतच नव्हता. 'प' म्हणायला गेले की डावीकडून हवा फुस्स. 'भाभी' म्हणजे नुसता उसासा. आणि आमच्या भागातली हजेरी म्हणजे काय? पवार, पाटील, फडतरे, बाबर, भोसले, माने, मोहिते. निम्मा वर्ग ओष्ठ्य!

शाळेत वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून परिवर्तित रजेचा अर्ज दिला. ४ जानेवारीपर्यंतची रजा मिळाली. अर्ज करताना लक्षात ठेवा, रजेच्या प्रमाणपत्रासोबत परत हजर होताना लागणारं फिटनेस प्रमाणपत्रही त्याच डॉक्टरांकडून शेवटच्या भेटीतच मागून घ्या. मी विसरले आणि एका कागदासाठी परत मिरजेला जाऊन ३१ नंबरवर बसले. त्या रजेत घरी येणाऱ्या प्रत्येकाकडं एकेक उपाय होता. जायफळ उगाळून लावा, च्युइंगगम चघळा, एकांनी तर पारव्याचं रक्त सुचवलं. जायफळ मी लावलं, खोटं कशाला बोलू. वास छान येतो.

२७ डिसेंबरला नसेची विद्युत तपासणी झाली, २,५०० रुपये. कानापुढं बारीक शॉक देतात आणि गालाचा स्नायू किती उडी मारतो ते मोजतात. चिमटा काढल्यासारखं वाटतं, सहन होतं. डावीकडचा प्रतिसाद उजव्याच्या १८ टक्के. पहिल्या दोन आठवड्यांत ही घट ९० टक्क्यांच्या पुढं गेली तर ते वाईट लक्षण मानतात. माझी ८२. "काठावर पास," डॉक्टर म्हणाले. "पण वेळ लागेल." मार्कांच्या भाषेत सांगितल्यावर मला पटकन कळलं.

६ जानेवारीला मास्क लावून शाळेत हजर झाले. १० जानेवारीला परत मिरज. पंचवीस दिवस झाले होते आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नव्हतं. इथं मी खरंच खचले, कारण तोवर मी वाचून बसले होते. कोपनहेगनमध्ये १,७०१ बेल्स पाल्सीच्या रुग्णांना औषधाविना नुसतं बघत राहिले होते. त्यांतल्या ८५ टक्क्यांना तीन आठवड्यांच्या आत थोडीतरी हालचाल आली. मी उरलेल्या पंधरांत. त्या पंधरांना तीन ते पाच महिन्यांत येते, हेही त्याच अभ्यासात होतं, पण रात्री दोनला मोबाइलवर वाचणाऱ्या माणसाला वाक्याचा दुसरा भाग दिसत नाही.

डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "तुमचं सगळं एका रात्रीत झालंय, त्यामुळं गाठीची शक्यता कमी. पण जबड्यामागचं दुखणं अजून आहे. नस कानाखालच्या पॅरोटिड नावाच्या लाळेच्या ग्रंथीतून जाते, तिथं काही दडलंय का बघून घेऊ. आधी सोनोग्राफी करा, शंका राहिली तर एमआरआय." नसेची सूज आणि स्नायूंची अवस्थाही दिसेल म्हणाले. चिठ्ठीवर मजकूर होता: डावी पॅरोटिड, चेहऱ्याची नस आणि चेहऱ्याचे स्नायू, हाय फ्रिक्वेन्सी प्रोब (प्रोब म्हणजे सोनोग्राफीत अंगावर टेकवतात तो दांडा), दोन्ही बाजूंची तुलना. हा शेवटचा तुकडा तुमच्याही चिठ्ठीवर लिहून घ्या. का ते पुढं येईल.

मग शोधाशोध. मी आणि ह्यांनी मिळून सात सेंटरना फोन केले. चौघांनी "चेहऱ्याची सोनोग्राफी नसते, एमआरआय करा" असं सांगितलं. एका मुलीनं सवयीनं विचारलं, "कितवा महिना चालू आहे?" मी म्हटलं, "दुसरा." तोंड वाकडं होऊन दुसरा महिना लागलाच होता की. तिनं अपॉइंटमेंट लिहूनही टाकली. सातव्या फोनला कोल्हापुरातल्या एका सेंटरवर 'स्मॉल पार्ट्स' हा शब्द मिळाला. थायरॉइड, गळा, गाठी अशा वरवरच्या भागांच्या सोनोग्राफीला ते लोक असं म्हणतात. तोच शब्द वापरा, "चेहऱ्याची" म्हणू नका. आणि विचारायचं ते एवढंच: नसा बघणारे रेडिओलॉजिस्ट आहेत का आणि कुठल्या वारी असतात. या सेंटरवर बुधवारी होते, दर १,८०० रुपये.

मिरजेच्या डॉक्टरांनाच मी विचारलं होतं, परदेशात तुमच्यासारखे डॉक्टर स्वतःच नसेवर प्रोब ठेवून बघतात असं वाचलं, तुम्ही का नाही? ते हसले. आपल्याकडं सोनोग्राफीचं मशीन, मग ते कशासाठीही असो, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली नोंदवल्याशिवाय ठेवता येत नाही. देशाचा कायदा १९९४ चा, महाराष्ट्रानं तर त्याआधी १९८८ मध्येच स्वतःचा केला होता. आणि आम्ही जिथं निघालो होतो त्या कोल्हापुरात २०१० च्या सुमारास जिल्हाधिकाऱ्यांनी प्रत्येक मशीनला 'सायलेंट ऑब्झर्व्हर' नावाचं नोंद ठेवणारं उपकरण बसवायला लावलं होतं. डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०११ मध्ये हरली. मुलींची संख्या बघता हे हवंच होतं, माझं त्याबद्दल दुमत नाही. फक्त माझ्या गालाची नस बघायलाही त्याच दारातून जावं लागतं, हे मला माहीत नव्हतं.

२२ जानेवारी, बुधवार. एक किरकोळ रजा टाकली. सांगलीहून कोल्हापूरची एसटी. बायकांना अर्धं तिकीट. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, ताई?" मी म्हटलं, "कोल्हाफूस्सर, अर्धं." त्यानं मास्ककडं पाहिलं, काही न बोलता तिकीट फाडलं आणि पुढच्या थांब्यावर जाऊन एका म्हाताऱ्याला उठवून मला खिडकी दिली. खिडकीचं वारं डोळ्याला नको होतं, पण त्याला नाही म्हणवेना.

सेंटरवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' हा फलक, खाली नोंदणी क्रमांक. काउंटरवर आधार कार्ड मागितलं, वय लिहिलं, गरोदर आहात का विचारलं. नाही म्हटल्यावर जाडजूड फॉर्म बाजूला गेला. दरपत्रकात 'चेहरा' नव्हताच, पावती गळ्याच्या नावावर फाटली. आधी झालेल्या तपासण्यांची फाइल सोबत न्या. उपाशी राहायची गरज नसते. कानातलं घरीच काढून ठेवा, माझी कुडी काढताना मळसूत्र फिरेना आणि मागं रांग तुंबली.

खोलीत अंधार आणि एसी. उजव्या कुशीवर झोपवलं, डावा गाल वर. रेडिओलॉजिस्ट बाई माझ्याच वयाच्या. प्रोब पोटाच्या सोनोग्राफीसारखा मोठा नव्हता, हॉकीच्या काठीसारखा वाकडा आणि बोटाएवढा. कानाच्या पाळीखाली थंडगार जेलचा मोठा गोळा ठेवला आणि प्रोब टेकवला न टेकवला असा धरला. म्हणाल्या, दाबलं तर चेहऱ्याचे पातळ स्नायू चपटे होतात आणि माप चुकतं. पण डावीकडं लगेच गेल्याच नाहीत. कूस बदलायला लावून आधी उजवी बाजू पाहिली. "प्रत्येकाची नस वेगळी. तुमचं नॉर्मल काय ते तुमचीच उजवी बाजू सांगणार." चिठ्ठीवरची तुलना ती हीच.

पडदा माझ्याकडं थोडा वळवला. करड्या रंगाची, रव्याच्या शिऱ्यासारखी दाणेदार दिसत होती ती लाळेची पॅरोटिड ग्रंथी. त्यांनी एक बटण दाबलं आणि तीत निळं-लाल काहीतरी लुकलुकलं. "ही शीर. हिच्या जरा वरच्या अंगानं शोधायचं." मग दोन बारीक पांढऱ्या रेघा आणि त्यांच्या मधोमध काळसर धागा. ती माझी नस. गोधडीत घालायच्या दोऱ्यापेक्षा फार जाड नसेल. हसणं, रडणं, फुंकर, चुंबन, 'पाटील', सगळं त्या दोऱ्यावर. कानामागच्या हाडातून ती बाहेर येते तिथं पडद्यावर काळी सावली होती. "ह्याच्या पलीकडं मला दिसत नाही. आवाजाच्या लहरी हाडातून जात नाहीत. आणि तुमचं मूळ दुखणं तिथंच आतल्या नळीत झालेलं असतं. मी बाहेरचा तुकडा बघते."

उजवी नस ०.९ मिलिमीटर, डावी १.३. ग्रंथीत गाठ नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, कारण मी पहिल्यांदा श्वास रोखून धरल्यामुळं ऐकलंच नसेल असं त्यांना वाटलं असावं.

मग स्नायू. कपाळ, डोळ्याभोवतीचा, गालातला, ओठांभोवतीचा, हनुवटीचा, एकेक उजवीकडं मग डावीकडं. नसेचा पुरवठा बरेच दिवस तुटला की स्नायू बारीक होतो आणि पडद्यावर जास्त पांढरट दिसायला लागतो, मांसाच्या जागी चरबी आणि चिवट धागे येतात म्हणून. माझे अजून बऱ्यापैकी काळसर होते, हनुवटीचा थोडा बारीक. जर्मनीत येना इथल्या डॉक्टरांनी चेहऱ्याच्या या चिमुकल्या स्नायूंची मापं घ्यायची पद्धत बसवण्यावर बरंच काम केलंय, असं त्या मापं घेता घेता सांगत होत्या.

"आता हसा."

मी हसले. म्हणजे उजवीकडून. "पडद्याकडं बघत हसा," त्या म्हणाल्या. डाव्या गालातल्या स्नायूची ती काळसर पट्टी. मी जोर लावला आणि पट्टीच्या एका टोकाला काहीतरी थरथरलं. भांड्यातल्या दुधावर साय हलावी तितकंच. "परत." परत हललं. आरशात त्या क्षणी काहीच दिसलं नसतं. त्यांनी तुकडा रेकॉर्ड केला. मी पडल्या पडल्या रडायला लागले आणि अश्रू फक्त डाव्याच डोळ्यातून वाहात होते, कारण त्याची पापणी ते आवरू शकत नव्हती. त्यांनी जेल पुसायचा कागद दिला.

पंचेचाळीस मिनिटं लागली. रिपोर्ट तासाभरानं मिळाला, टाइप केलेला आणि डाव्याच्या जागी उजवी बाजू छापलेला! टायपिस्टची चूक. एसटी सुटायची वेळ झाली होती, तरी थांबून दुरुस्त करून घेतला. कुठलाही रिपोर्ट हातात घेतल्यावर नाव, वय आणि बाजू तिथंच वाचा. सीडीही मागा, ती आपणहून देत नाहीत.

२४ तारखेला मिरजेत सगळं दाखवलं. मला वाटलं होतं की १.३ हा आकडा ऐकून डॉक्टर काही नवं औषध लिहितील. काही लिहिलं नाही. नस सुजलेली आहे हे आधीच माहीत होतं. सुजेवरून पुढचा अंदाज बांधायचे प्रयत्न झालेत, २०१० मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी तसा अभ्यास प्रसिद्ध केला, पण हे अभ्यास लहान आहेत, त्यांवरून एका माणसाला तारीख देता येत नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार तर साध्या, नव्या बेल्स पाल्सीत सरसकट स्कॅन करूच नये. "तुमचं केलं ते दुखणं आणि उशीर यांमुळं. गाठ नाही, स्नायू जिवंत आहेत. आता वाट बघायची. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते." म्हणजे हे वाचून उद्या कुणी पहिल्याच आठवड्यात सोनोग्राफीला धावू नका. माझे १,८०० रुपये गेले ते गाठीची धास्ती जाण्यासाठी, आणि ती थरथर बघायला मिळाली ती वर. एमआरआय वाचला हाही हिशेब धरा.

त्याच भेटीत एक बोलणी खाल्ली. मधल्या काळात मी एका फिजिओथेरपी सेंटरवर वीस बैठकांचं विजेच्या शेकाचं पॅकेज घेतलं होतं, ६,००० रुपये आगाऊ. सहा बैठका झाल्या होत्या. "यानं लवकर बरं होतं असा चांगला पुरावा नाही. थांबवा," डॉक्टर म्हणाले. उरलेल्या चौदांचे पैसे परत मिळाले नाहीत. पावतीच्या मागं बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं, मराठीच्या बाईंनी ते वाचलं नव्हतं. मग सांगलीत एक ताई मिळाल्या, ४०० रुपये बैठक, महिन्यातून दोनदाच बोलवायच्या. आरशासमोर, हळू, कमी ताकदीनं, एका वेळी एकच हालचाल. फुगे फुगवणं आणि च्युइंगगम बंद. जोर लावला की धडधाकट बाजू डावीला आणखी ओढते म्हणाल्या. मेडिक्लेममधून यातलं काही मिळालं नाही, कारण मी २४ तास कुठं दाखल झाले नव्हते. सगळा खर्च धरून मार्चअखेर २३ हजारांच्या आसपास गेले.

९ फेब्रुवारी, रविवार. भाकरी थापताना पिठाचा कण नाकात गेला, नाक मुरडलं आणि डावी नाकपुडी हलली. सासूबाईंना दाखवायला दहादा नाक मुरडलं. आठ आठवडे झाले होते. पडद्यावरची थरथर चेहऱ्यावर यायला अठरा दिवस. त्यानंतर गाल, मग मार्चच्या सुरुवातीला पापणी जवळजवळ मिटायला लागली, पट्टी सुटली. त्याआधी फेब्रुवारीत दहावीच्या मुलांच्या तोंडी परीक्षा मी घेतल्या. तोंडी परीक्षा! स्टाफरूममधल्या सहकाऱ्यांनी या शब्दावरून जे जे विनोद केले ते इथं लिहीत नाही.

२६ मार्चला कोल्हापुरात परत सोनोग्राफी केली. खरं तर गरज नव्हती, डॉक्टर तसं म्हणालेही. मला बघायचं होतं. डावी नस १.० झाली होती. डोळ्याचा आणि गालाचा स्नायू उजव्यासारखे, हनुवटीचा अजून बारीक आणि पांढरट. बाईंनी ओठांचा चंबू करायला सांगितला आणि प्रोब मात्र डोळ्याखाली ठेवला. ओठ हलले तसा डोळ्याखालचा स्नायूही आकसला. "हे बघा. नवीन तंतू वाढताना थोडे चुकीच्या घरी गेलेत. ओठाचा हुकूम डोळ्यालाही पोचतोय." हे उशिरा बरं होणाऱ्यांत होतं. व्यायामानं कमी होतं, आणि फारच त्रास झाला तर बोटॉक्सचं इंजेक्शन देतात म्हणे. मला त्याची गरज वाटली नाही. जेवताना डावा डोळा बारीक होतो, एवढंच. पाहुण्यांना वाटतं आमटी तिखट झाली.

१६ जून २०२५ ला शाळा सुरू झाली. पहिल्या चिळकांडीला बरोबर सहा महिने. नवा वर्ग, मास्क नाही. हजेरी घेतली. पवार, पाटील, पाटील, पाटील, फडतरे, बाबर. सगळी नावं नीट उमटली. भोसलेंपर्यंत आले तर मागच्या बाकावर खसखस. मी विचारलं, काय झालं? पुढच्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी उभी राहिली.

"बाई, तुम्ही पाटलांना डोळा का मारताय?"